छत तीन किलोवॅटचं, गाडी शाळेत: लातूरच्या एका घरातलं सौर चार्जिंग

लातूर शहरातलं स्लॅबचं एकमजली घर. छतावर ३ किलोवॅटचा सौर संच, नेट मीटर बसलेलं, दारात २४ युनिट बॅटरीची छोटी इलेक्ट्रिक कार. घरातल्या सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. शाळा वीस किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे ४० किलोमीटर. सासू-सासरे दिवसभर घरी. अंगणात बोअर, त्यावर दीड अश्वशक्तीची मोटार. जोडणी सिंगल फेज.

घरच्यांचा प्रश्न साधा आहे: छतावर उरलेली वीज गाडीत कशी भरायची? अडचणही साधीच. ऊन दुपारी असतं आणि दुपारी गाडी शाळेच्या आवारात असते. 'सोलर आहे म्हणजे गाडी फुकट' असं सांगणारे बहुतेक जण नेमकी हीच गोष्ट वगळतात.

हे घर नमुन्यादाखल घेतलं आहे. मराठवाड्याच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी अशी घरं सापडतील. पुढचे आकडे हिशोबाने काढलेले आहेत. आपल्या घराला लावताना आपलं बिल आणि आपल्या इन्व्हर्टरच्या ॲपमधले आकडे घालून तोच हिशोब पुन्हा करावा.

तीनच किलोवॅट का, आणि त्यातून किती मिळतं

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. ७८,००० वर ते थांबतं. म्हणून असंख्य घरांवर तीनच किलोवॅट दिसतात. या घरावर ५४० वॅटची सहा पॅनेलं आहेत, म्हणजे ३.२४ किलोवॅट, आणि इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा.

वर्षभरात यातून ४,५०० युनिटच्या आसपास वीज येईल. घराचा वापर महिन्याला सरासरी २२० युनिट, वर्षाला २,६४०. गाडीला किलोमीटरमागे बॅटरीतून ०.१२ युनिट लागतं आणि चार्ज होतानाची गळती धरून भिंतीवरच्या सॉकेटमधून ०.१४. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर १४० युनिट, वर्षाला १,६८०. घर आणि गाडी मिळून ४,३२०. म्हणजे वर्षाचा ताळा जवळजवळ बरोबर बसतो. गाडी नसती तर या छताचे अठराशेहून जास्त युनिट वर्षाला उरले असते.

वर्षाचा ताळा बसला म्हणून तासाचा बसतो असं मात्र नाही. एप्रिलमधला निरभ्र दिवस घेऊ. दहा ते अकरा १.९ युनिट, अकरा ते बारा २.२५, बारा ते एक २.४, एक ते दोन २.३५, दोन ते तीन २.०५, तीन ते चार १.६, चार ते पाच जेमतेम ०.९५. सकाळ-संध्याकाळचे थोडे धरून दिवसाचे एकूण १६ युनिट. ३.२४ किलोवॅटच्या पॅनेलमधून भर दुपारीही अडीचच्या आतच का, असं विचारणारे खूप असतात. कारण पॅनेलवरचा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. लातूरच्या एप्रिलमध्ये काचेखालचा सेल ६५ अंशांवर जातो, आणि प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ टक्का वीज घटते. चाळीस अंशांचे चौदा टक्के तिथेच गेले. उरलेली घट धूळ, वायर आणि इन्व्हर्टरची.

घरात दिवसा फ्रिज, पंखे आणि कूलर मिळून साडेचारशे वॅट चालू असतात. ते वजा केले की दहा ते तीन या पाच तासांत ८.७ युनिट उरतात. तीन ते चारमध्ये १.१५, आणि त्यानंतर हिशोबात धरावं असं काही नाही. दिवसाची 'जास्तीची वीज' म्हणतात ती एवढीच.

पैशाचा हिशोब आधी

नेट मीटर असलेल्या घराने पहिल्यांदा हे समजून घ्यावं: दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट आणि रात्री ग्रिडकडून घेतलेलं युनिट महिन्याच्या बिलात एकमेकांतून वजा होतं. जास्त दिलं असेल तर ते पुढच्या महिन्यात जमा राहतं. म्हणून नेट मीटरवर गाडी दुपारी लावा की रात्री, बिलात फारसा फरक पडत नाही. उरलेल्या विजेवर गाडी चालवणारा महागडा 'स्मार्ट' चार्जर बिल कमी करेल म्हणून घेत असाल, तर आधी थांबा. निव्वळ नेट मीटरच्या घरात तो आपली किंमत वसूल करत नाही.

एक तारीख मात्र महत्त्वाची आहे: ३१ मार्च. आर्थिक वर्ष संपताना खात्यात शिल्लक असलेले युनिट वीज कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि एक एप्रिलला खातं शून्यावरून सुरू होतं. तो दर घरगुती बिलातल्या वरच्या स्लॅबच्या मानाने फार कमी असतो. म्हणजे शिल्लक राहिलेलं युनिट स्वस्तात जातं आणि गाडीत भरलेलं युनिट पेट्रोल वाचवतं. या छताच्या उरणाऱ्या युनिटांना गाडीइतकं चांगलं गिऱ्हाईक दुसरं नाही. गाडीसाठी वेगळी जोडणी घ्यावी लागत नाही. घराच्याच मीटरवरून, घरगुती दराने ती चार्ज करता येते.

जाता जाता, छतावर पॅनेल नसलेल्या शेजाऱ्यांसाठी: टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं मीटर) बसलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे सवलत आहे. त्यांना गाडी दुपारी लावण्याचा फायदा थेट बिलात दिसतो.

मग दुपारचा आग्रह कशासाठी

कारण व्होल्टेज. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज १९०-२०० वर उतरलेलं सगळ्यांना माहीत आहे. पण आता एकाच डीपीवर आठ-दहा घरांचे सौर संच आले की रविवारी दुपारी उलटं होतं: वापर कमी, सगळ्यांची वीज बाहेर, आणि व्होल्टेज चढतं. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे व्होल्टेज २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेलं की इन्व्हर्टरला दोन सेकंदांत ग्रिडपासून तुटावं लागतं. मग तो थांबतो, काही मिनिटं वाट पाहतो, पुन्हा जोडतो, पुन्हा तुटतो. त्या वेळात छतावरचं ऊन वाया जातं आणि नेट मीटरही त्याची भरपाई देत नाही, कारण जी वीज तयारच झाली नाही तिची नोंद कुठून होणार.

या घराचा आकडा काढून पाहू. डीपीपासून मीटरपर्यंत ८० मीटर सर्व्हिस वायर, १० चौरस मिमी ॲल्युमिनियम. जाणारी-येणारी धरून १६० मीटर, तिचा रोध जवळपास अर्धा ओहम. दोन किलोवॅट बाहेर जात असताना आठ-साडेआठ ॲम्पिअर वाहतात, म्हणजे घरातलं व्होल्टेज डीपीपेक्षा चार व्होल्ट जास्त राहतं. डीपीवर २४९ असेल तर घरात २५३. नेमक्या अशा वेळी गाडी आठ ॲम्पिअरवर लावली की बाहेर जाणारा प्रवाह जवळजवळ शून्य होतो, ते चार व्होल्ट उतरतात आणि इन्व्हर्टर टिकून राहतो. त्यामुळे आपलंच नव्हे, त्याच तारेवरच्या शेजाऱ्याचंही उत्पादन वाचतं. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज'च्या नोंदी दिसत असतील तर दुपारचं चार्जिंग हा त्यावरचा पहिला उपाय. नोंदी रोजच्याच असतील तर घरातली जोडणी आणि मीटरचे टर्मिनल घट्ट आहेत का ते पाहून मग महावितरणकडे डीपीच्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज खाली आणणाऱ्या टॅपसाठी अर्ज करावा.

दुसरं कारण मंजूर भाराचं. गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर बहुधा एकाच ठरलेल्या प्रवाहावर चालतो, या गाडीचा १४ ॲम्पिअरवर, म्हणजे ३.२ किलोवॅट. त्याच वेळी बोअरची मोटार चालू झाली तर आणखी दीड, सकाळची वेळ असेल तर गिझरचे दोन. सगळं मिळून सहा-सात किलोवॅट. या घराचा मंजूर भार ३ किलोवॅट होता. सौर संच नेट मीटरवर बसवतानाही क्षमता मंजूर भाराच्या आत असावी लागते. म्हणून भार ५ किलोवॅटपर्यंत वाढवून घेणं हे गाडी घरी येण्याआधीचं काम आहे.

प्रवाह कमी-जास्त करता आला पाहिजे

रविवारी गाडी दिवसभर घरी आहे असं धरून दोन पद्धती ताडून पाहू. ठरलेल्या १४ ॲम्पिअरवर अकरा ते दोन लावली तर ९.६ युनिट जातात. त्या तीन तासांत छतावर उरलेले ५.६५, म्हणजे चार युनिट ग्रिडमधून ओढले गेले. आणि दहा ते अकरा व दोन ते तीन या तासांतले तीन युनिट बाहेर गेले. आता तीच गाडी आठ ॲम्पिअरवर दहा ते तीन लावा. ९.२५ युनिट जातात, त्यातले ग्रिडचे फक्त पाऊण युनिट. आत आलेली वीज जवळजवळ तेवढीच, पण घराची आणि तारेची ओढाताण नाही.

इतका फरक फक्त प्रवाह बदलल्याने आणि टायमर लावल्याने पडतो. सेकंदासेकंदाला ऊन पाहून प्रवाह बदलणारी यंत्रणा उरलेलं पाऊण युनिट वाचवते. तीन किलोवॅटच्या छतासाठी आमचं स्पष्ट मत: ६ ते १६ ॲम्पिअरमध्ये प्रवाह ठरवता येणारा भिंतीवरचा चार्जर घ्या, त्यात किंवा गाडीच्या ॲपमध्ये वेळ लावा, आणि तिथेच थांबा. स्वयंचलित यंत्रणा पाच किलोवॅटच्या पुढे, किंवा ग्रिडला वीज देण्याची परवानगीच नसलेल्या घरात घ्यावी.

सहाच्या खाली का जाता येत नाही, हेही माहीत असावं. चार्जर आणि गाडी एका पातळ पायलट तारेवरून बोलतात. चार्जर तिच्यावर दर सेकंदाला हजार वेळा उघडझाप होणारा १२ व्होल्टचा संकेत पाठवतो. संकेत किती वेळ 'चालू' आहे त्यावरून गाडीला किती प्रवाह घ्यायची मुभा आहे ते कळतं. १० टक्के म्हणजे ६ ॲम्पिअर, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला ०.६ ॲम्पिअर. आंतरराष्ट्रीय मानकात सहाच्या खालचा आकडाच नाही. २३० व्होल्टवर सहा ॲम्पिअर म्हणजे १.३८ किलोवॅट. छतावर याहून कमी उरत असेल तर उरलेल्या विजेवरचं चार्जिंग सुरूच होऊ शकत नाही. थ्री फेजवर चार्ज होणाऱ्या गाडीला हीच किमान मर्यादा तिप्पट, ४.१४ किलोवॅट होते. तीन किलोवॅटच्या छताला ती कधीच गाठता येणार नाही.

शिवाय सहावर रेंगाळणं फायद्याचं नसतं. चार्ज होताना गाडीचा संगणक, पंप आणि रिले जागे असतात, त्यांना साधारण दोनशे वॅट लागतात, प्रवाह कितीही असो. १.४ किलोवॅटमध्ये दोनशे म्हणजे सातवा हिस्सा. अडीच किलोवॅटमध्ये बारावा. आठ ते दहा ॲम्पिअर हा या छताला मानवणारा पट्टा आहे.

वायरिंग

मेन बोर्डापासून चार्जरपर्यंत स्वतंत्र लाइन हवी, मध्ये दुसरा कुठलाही पॉइंट नको. अंतर २५ मीटर असेल तर ४ चौरस मिमी तांब्याची वायर. १४ ॲम्पिअरला तीन-सव्वातीन व्होल्टची घट होते, ती चालते. अडीच चौरस मिमीने काम भागतं असं वायरमन सांगेल. घट पाच व्होल्टवर जाते आणि सत्तरहून जास्त वॅट पाइपात तापत राहतात. एप्रिलच्या भिंतीत, तासन्‌तास. मिक्सर दोन मिनिटं चालतो, गाडी पाच तास. म्हणून इथे वायर जाडच घ्यावी. पुढे ७.२ किलोवॅटचा चार्जर येण्याची शक्यता असेल तर आजच ६ चौरस मिमी टाकून ठेवा.

लाइनवर २० ॲम्पिअरचा सी कर्व्ह एमसीबी आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. आरसीसीबी 'टाइप ए' हवा. घरांत बहुधा 'एसी' प्रकारचा बसवलेला असतो आणि दुकानदारही तोच देतो. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर एसी प्रकारचा आंधळा होतो: धक्का बसत असतानाही पडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिॲम्पिअर डीसी गळती ओळखायची सोय आहे का ते त्याच्या माहितीपत्रकात पाहावं. असेल तर बाहेर टाइप ए पुरतो, नसेल तर टाइप बी लागतो.

पोर्टेबल चार्जरच वापरणार असाल तर साध्या १६ ॲम्पिअरच्या घरगुती सॉकेटवर विसंबू नका. त्यातली पितळी पट्टी महिन्याभराच्या उष्णतेने सैल होते, सैल जोड आणखी तापतो, आणि एके दिवशी प्लगची टाचणी काळी पडलेली दिसते. निळ्या रंगाचा गोल औद्योगिक प्लग-सॉकेट बसवावा. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाल्यावर प्लगवर हात ठेवून पाहावा. कोमट चालेल, हात मागे घ्यावा लागला तर बंद करून स्क्रू तपासावेत. चार्जरचा डबा फरशीवर उन्हात पडू देऊ नये. तापला की तो स्वतःच प्रवाह कमी करतो किंवा थांबतो. सावलीत, जमिनीपासून मीटरभर वर टांगावा, म्हणजे पावसाळ्यात शिंतोड्यांपासूनही वाचतो.

घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या लाइनवर हा पॉइंट चुकूनही येऊ नये. मेन बोर्डात इन्व्हर्टरच्या आधीच लाइन काढावी.

अर्थिंग: मराठवाड्यातला खरा अडसर

'गाडी चार्ज होत नाही, चार्जरवर लाल दिवा लागतो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा गाडी किंवा चार्जर नसतोच. अर्थिंग नसतं. फ्रिज-टीव्ही अर्थिंगवाचून मुकाट चालतात, गाडी चालत नाही. ती आधी अर्थ तपासते आणि नसेल तर सरळ नकार देते.

आपल्याकडे यात मातीची भर पडते. काळी माती पावसाळ्यात फुगते, तेव्हा अर्थिंगचा रॉड घट्ट धरते आणि ओलाव्यामुळे रोध कमी राहतो. मार्चनंतर तीच माती भेगाळते, रॉडपासून सुटते, आणि जानेवारीत बरोबर असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी होतं. खाली मुरूम आणि काळा पाषाण असेल तर आणखी वाईट. तीन मीटरचा तांब्याचा मुलामा असलेला रॉड, भोवती अर्थिंगची तयार पावडर, वर झाकणाचा चेंबर, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. कूलरमधून काढलेलं जुनं पाणी त्यासाठी उत्तम. रोध पाच ओहमच्या आत असावा, आणि मोजणी मे महिन्यात करावी. श्रावणात मोजलेला आकडा फसवतो. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज गाडी चार्ज होत असताना दोन-तीनच्या वर जात असेल तर न्यूट्रलचा जोडही तपासावा.

सौर संचाचे तीन अर्थपिट असतात: पॅनेलच्या सांगाड्याचा, एसी बाजूचा आणि वीजरोधकाचा (आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा). गाडीची अर्थ वायर वीजरोधकाच्या पिटाला कधीही जोडू नये. खोदाई वाचते म्हणून हे केलं जातं, आणि मृगाच्या पहिल्या गडगडाटात गाडीच्या चार्जरला त्याची किंमत मोजावी लागते.

स्वयंचलित यंत्रणा घेतलीच तर

पुढेमागे छत वाढवायचं असेल तर ही यंत्रणा लागेल, म्हणून तिच्यातले नेहमीचे घोटाळे इथे सांगणं भाग आहे. मेन लाइनवर एक क्लॅम्प बसतो आणि वीज आत येते की बाहेर जाते ते मोजतो. क्लॅम्पची जागा नेट मीटर आणि मेन बोर्ड यांच्यामध्येच, म्हणजे सौर लाइन आणि चार्जर दोन्ही त्याच्या घराकडच्या बाजूला आले पाहिजेत. सौर लाइन क्लॅम्पच्या मीटरकडच्या बाजूला राहिली तर यंत्रणेला फक्त घराचा वापर दिसतो, जास्तीची वीज दिसतच नाही आणि गाडी कधी सुरू होत नाही. क्लॅम्पमधून एकच वायर जाऊ द्यावी, फेजची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही गेले की आकडा शून्य. बाण उलटा बसला तर यंत्रणा भर दुपारी गाडी बंद आणि रात्री चालू करते.

सगळ्यात फसवी चूक वेगळीच आहे. नुसते ॲम्पिअर मोजणाऱ्या स्वस्त क्लॅम्पला दिशा कळत नाही. आठ ॲम्पिअर आत येताहेत की बाहेर जाताहेत, त्याला सारखंच. दिशा कळायला व्होल्टेजचा संदर्भ लागतो. म्हणून मॉडबसवर (यंत्रांनी एकमेकांना आकडे कळवायच्या पद्धतीवर) बोलणारा, आयात-निर्यात वेगळी दाखवणारा मीटर घ्यावा. तपासणी सोपी आहे: रात्री गिझर लावा, आकडा धन दिसला पाहिजे, दुपारी घरातलं सगळं बंद करा, ऋण दिसला पाहिजे.

नियंत्रणासाठी ईव्हीसीसीसारखं खुलं सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतं, आणि ओसीपीपी भाषा येणारा चार्जर त्याला जोडता येतो. सुरू करायची अट दीड किलोवॅट सलग दोन मिनिटं, थांबवायची अट किमान पाच मिनिटं कमी राहिल्यावर. ढगाच्या प्रत्येक सावलीला गाडी चालू-बंद झाली तर चार्जरमधला काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, झिजतो, आणि काही गाड्या वारंवार तोडल्यावर झोपी जातात. मग केबल काढून पुन्हा लावावी लागते. बोअरची मोटार चालू झाली की प्रवाह लगेच खाली आला पाहिजे. यंत्रणा नसलेल्या घराने मोटार सकाळी नऊ-साडेनऊला चालवून टाकी भरून घ्यावी, म्हणजे दहानंतरचं ऊन गाडीला मोकळं.

लाइट गेली तर

ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेल्यावर बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी हा नियम आहे, त्याला पळवाट शोधू नये. म्हणजे भर उन्हातही गाडीचं चार्जिंग थांबतं. लाइट आली की चार्जर लगेच सुरू होतो, पण इन्व्हर्टर थोडा वेळ ग्रिड पारखत बसतो. त्यातच घरची बॅटरी भरायला लागते, फ्रिज सुरू होतो. चार्जरमध्ये उशिरा सुरू होण्याची सोय असेल तर पाच मिनिटं ठेवावी. काही पोर्टेबल चार्जर लाइट आल्यावर आपोआप सुरूच होत नाहीत. ज्या घरात दुपारी वयस्कर माणसंच असतात तिथे हे खरेदीआधी दुकानातच प्लग काढून-लावून पाहावं.

या घराचं वेळापत्रक

आता मूळ अडचणीकडे. शाळा दहा ते पाच, सोमवार ते शुक्रवार. शनिवारी सकाळची शाळा, गाडी साडेबाराला परत दारात. आठवड्याचे २४० किलोमीटर, सॉकेटवर ३४ युनिट. रविवारी दहा ते तीन आठ ॲम्पिअरवर उन्हाचे साडेआठ युनिट, शनिवारी साडेबारा ते साडेतीन पाच. एकूण साडेतेरा, म्हणजे गरजेच्या चाळीस टक्के. उरलेले वीसेक युनिट मंगळवारी आणि गुरुवारी रात्री अकरानंतर ग्रिडमधून, नेट मीटरच्या जमेतून. संध्याकाळी सात ते दहा गाडी लावू नये. तेव्हाच व्होल्टेज पडलेलं असतं, आणि कमी व्होल्टेजवर काही चार्जर अर्ध्यातच थांबतात.

मार्चमध्ये ऊन वाढलं की शाळा रोजच सकाळच्या होतात, आणि इथे चित्र पालटतं. गाडी रोज साडेबाराला घरी. सोमवार ते शनिवार रोज पाच युनिट, रविवारचे साडेआठ, एकूण साडेअडतीस. गरज चौतीसची. म्हणजे त्या दिवसांत गाडी खरोखर छतावरच्या उन्हावर चालते, आणि तेही ज्या काळात व्होल्टेज सगळ्यात जास्त चढतं त्याच काळात. ३१ मार्चच्या आत शिल्लक युनिट संपवायलाही हेच दिवस कामी येतात: फेब्रुवारीच्या बिलावर जमा दिसत असेल तर मार्चमध्ये गावाकडच्या, देवदर्शनाच्या फेऱ्या याच गाडीने कराव्यात. मेच्या सुटीत गाडी फारशी हलत नाही. रोज शंभर टक्के भरून उभी ठेवण्यापेक्षा ॲपमध्ये ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावावी. काही बॅटऱ्यांना अधूनमधून पूर्ण चार्ज लागतो, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याप्रमाणे वागावं. एप्रिल-मेमध्ये जी वीज बाहेर जाते ती नव्या वर्षाच्या खात्यात जमा होते आणि पावसाळ्यात उपयोगी पडते.

पावसाळ्यात तिची गरज लागतेच. जुलै-ऑगस्टमध्ये हे छत दिवसाला आठ-नऊ युनिट देतं आणि घरच सात खातं. दुपारी उरलंच तर किलोवॅटभर, सहा ॲम्पिअरच्या मर्यादेखाली. तेव्हा उन्हाचा नाद सोडून सगळं चार्जिंग रात्री अकरानंतर दहा ॲम्पिअरवर करावं. दिवाळीच्या सुटीत ऊन स्वच्छ असतं, गाडी घरी असते. तेव्हा पुन्हा दहा ते तीन. त्याआधी पॅनेल धुणं आलंच, कारण सोयाबीनच्या मळणीची धूळ तेव्हा काचेवर बसलेली असते. धुणं पहाटे, काच थंड असताना. बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर वाळू देऊ नये, रबरी पट्टीने लगेच ओढून घ्यावं. नाहीतर पांढरा क्षार बसतो आणि तो धुळीपेक्षा वाईट.

एक बदल संच बसवण्याआधीच करण्यासारखा होता. लातूरचा सूर्य माथ्यावर येतो तो सव्वाबाराच्या पुढे, आणि या घरची गाडी येते साडेबाराला. सहाच्या सहा पॅनेलं दक्षिणेला लावण्याऐवजी तीन दक्षिणेला आणि तीन पश्चिमेला लावली असती, तर दुपारी तीन ते साडेचारचं उत्पादन वाढलं असतं. पश्चिमेच्या पॅनेलांचं वर्षाचं उत्पादन पाच-सात टक्क्यांनी घटतं, तेवढं सोसण्यासारखं. त्यासाठी इन्व्हर्टरला दोन एमपीपीटी (पॅनेलांच्या एकेका गटातून जास्तीत जास्त वीज काढणारे भाग) हवेत आणि तीन पॅनेलांचं सव्वाशे व्होल्टच्या आसपासचं व्होल्टेज त्याच्या किमान मर्यादेच्या वर असायला हवं. उन्हाळ्यात पॅनेल तापून ते आणखी उतरतं, म्हणून मर्यादा शंभराच्या खालचीच पाहून घ्यावी. ज्यांच्या घरी संच अजून बसायचा आहे त्यांनी ठेकेदाराला छताची दिशा विचारण्याआधी गाडी किती वाजता घरी येते ते सांगावं.